कालिंदी मॅडमचा दुसरा निरोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा समितीचे प्रमुख आदरणीय नानासाहेब. आपले मुख्याध्यापक सर. याच शाळेत शिकून आज पाहुणी म्हणून वर खुर्चीत बसलेली डॉक्टर मृण्मयी. ज्यांच्यासाठी एप्रिलच्या या भट्टीत आपण सगळे जमलो त्या सत्कारमूर्ती सौ. कालिंदी हेमचंद्र वैजापूरकर मॅडम. त्यांचे यजमान हेमचंद्रराव. माझे शिक्षक बंधुभगिनी, ऑफिसातली मंडळी, पालकवर्ग. आणि उद्यापासून सुट्टी लागणार म्हणून आतून नाचत असलेल्या, पण बाहेरून शहाण्यासारखं तोंड करून बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो!

मुख्याध्यापक सर म्हणाले, सर्जेराव, दोन मिनिटं बोला. सर, माझी दोन मिनिटं कशी असतात ते भूगोलाच्या तासाला बसलेल्या पोरांना विचारा. पाण्याचे ग्लास अर्धेच भरलेत, त्याबद्दल स्वयंपाकघराच्या वतीनं मी दिलगिरी व्यक्त करतो. टँकर सकाळी यायचा होता, तो अजून छावणीच्या नाक्यापुढं सरकलेला नाय. कुलर नुसताच गरम वारा फेकतोय, त्यालाही तेच कारण. तेव्हा टोप्या, पदर, निमंत्रणपत्रिका, जे हाताला लागेल त्यानं वारा घ्या. मी बोलत राहतो.

मंडळी, या शाळेत निरोप म्हटला की भाषण सर्जेरावचं, हा दस्तूरच पडलाय. माझं एक ठरलेलं भाषण आहे. त्यात दीपस्तंभ आहे, चंदन आहे, झिजणं आहे. नाव तेवढं बदलायचं. गणिताचे सर असोत नाय तर शिपाईमामा, सगळेच चंदनासारखे झिजून गेले. लोक रडतात, मीही रडतो, मग पुरीभाजी होते. पण आज ते भाषण मला करता येत नाय. का करता येत नाय? कारण ते मी याच मॅडमसाठी एकदा केलेलं आहे!

हसू नका. नवीन पालकांना वाटेल, सर्जेरावला ऊन लागलं. दोन हजार तेराच्या जानेवारीत, इथंच, याच जागेवर मंडप होता आणि याच कालिंदी मॅडमना आपण निरोप दिला होता. शाल दिली, श्रीफळ दिलं, साडी दिली, फोटो काढला. मी असा काही बोललो की मागं बसलेल्या बायांनी पदर डोळ्याला लावले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या घंटेला मॅडम पुन्हा गेटमधून आत! एका माणसाला दोनदा निरोप द्यायचा मान आख्ख्या जिल्ह्यात फक्त आपल्या शाळेला मिळाला असंल. ही गोष्ट कशी झाली ते आज सांगितल्याशिवाय मी माईक सोडणार नाय.

मॅडम गणिताच्या. तिकडं शहरात गुलमंडीच्या मागच्या गल्लीत वाढलेल्या, लग्नानंतर इकडं पडेगावला आलेल्या. त्या रुजू झाल्या तेव्हा या मैदानातून दौलताबादचा किल्ला पायथ्यापासून दिसायचा. आता बिल्डिंगांच्या फटीतून त्याचा शेंडा तेवढा दिसतो. नववी-दहावीचं गणित म्हणजे कालिंदी मॅडम. आवाज असा की वरच्या मजल्यावरचं प्रमेय खाली माझ्या वर्गात ऐकू यायचं आणि माझी पोरं सह्याद्रीऐवजी त्रिकोण काढायची.

आणि मग त्यांना दुखायला लागलं. मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या. आज इथं, उद्या तिथं. आणि थकवा असा की सकाळी झोपेतून उठल्यावर आदल्या रात्री उसाची मोळी वाहिल्यासारखं अंग. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, फोटो झाले, त्या बोगद्यासारख्या मशीनमध्येही घालून झालं. सगळे रिपोर्ट नॉर्मल! रिपोर्ट नॉर्मल आणि बाई आडव्या. तुम्हाला सांगतो, रिपोर्ट नॉर्मल आलेल्या माणसाइतका बेजार माणूस दुसरा नाय. हात मोडला तर प्लास्टर दिसतं, लोक उठून जागा देतात. मॅडमचं काही दिसेचना. नातेवाईक म्हणायचे, मनावर घेऊ नकोस. शेजारी म्हणायचे, नोकरी सोडायची नाटकं आहेत. शेवटी एका डॉक्टरांनी नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. ते नाव आमच्या स्टाफरूममध्ये एकालाही धड म्हणता येईना. मी तर महिनाभर त्याला ज्वालामुखीचं नाव समजत होतो.

मग आपण काय केलं? आपण मायाळू माणसं! वर्ग वरच्या मजल्यावर होता, तो खाली आणला. फळ्यापाशी खुर्ची ठेवली. वह्या उचलायला पोरं लावली. घर तर असं जवळ की इथून हाक मारली तर तिथं ऐकू जाईल, तरी हेमचंद्रराव स्कूटरवर आणून सोडायचे आणि न्यायला उभे राहायचे. घरी तर विचारूच नका. हेमचंद्रराव वीज मंडळात होते, शिस्तीचा माणूस. चहा तेच करायचे, कपडे तेच वाळत घालायचे, मॅडम पाण्याला उठल्या तर म्हणायचे, “तू बस गं, मी आहे ना.” हेमचंद्रराव, मान खाली घालू नका. तुमच्यासारखा नवरा मिळावा म्हणून इथं बसलेल्या निम्म्या बाया आता देवाला साकडं घालतील. पण झालं काय, आपण सगळ्यांनी मिळून मॅडमला असं प्रेमानं बसवलं, असं बसवलं, की त्यांचं उभं राहणंच संपलं. जितका आराम तितका थकवा. पाठमोऱ्या लिहायला उभ्या राहिल्या की हात खांद्याच्या वर जाईना. फळ्याचा वरचा निम्मा भाग कोराच राहायचा.

शेवटी मॅडमनी अर्ज केला. प्रकृतीच्या कारणानं मुदतीआधी निवृत्ती. अर्ज वर गेला, मेडिकल बोर्ड बसायचं, मंजुरी यायची, मग सुटका. पण गॅदरिंगचा मंडप उभाच होता, पाहुणे आलेलेच होते, दुष्काळाचं साल. एवढ्यातेवढ्यात दुसरा मंडप कशाला, असा पोक्त विचार आमच्या कमिटीनं केला आणि मंजुरी येण्याआधीच निरोप उरकून टाकला. वरात आधी, सोयरीक मागून!

त्या भाषणात मी काय म्हणालो होतो? म्हणालो, “मॅडम, खूप झिजलात. आता फक्त आराम, आराम आणि आराम!” टाळ्यांचा कडकडाट. फक्त मागच्या रांगेतली एक पोरगी टाळ्या वाजवत नव्हती. ती ही मृण्मयी. नुकतीच फिजिओथेरपी शिकून एका दवाखान्यात लागली होती, बाईंचा निरोप म्हणून मुद्दाम आली होती. दहावीला गणितात हिला किती होते ते मी आज काढत नाय, पाहुणी आहे. कार्यक्रम संपल्यावर ही तरातरा पुढं आली आणि मला म्हणाली, “सर, तुम्ही भाषण केलं का विष दिलं?”

म्या म्हटलं, अगं ए, मोठ्या माणसाशी बोलायची ही रीत झाली? ती माझ्याकडं बघतही नव्हती. ती मॅडमपुढं खाली बसली. “मॅडम, तुमचं दुखणं खरं आहे. आधी ते सांगते.” बस्स. मॅडमच्या डोळ्यातून घळाघळा पाणी. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांना पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं. मग ती म्हणाली, “आपल्या शाळेचा शिपाई घाबरट असता आणि मांजर आली तरी आगीची घंटा बडवली असती तर? घंटा खरी, कानाला त्रास खरा, पण आग नाही. तुमच्या अंगातली घंटा तशी झालीय. तिला शांत करायचं तर हळूहळू चालायचं. दम थोडा वाढेल, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतकंच. आणि ते रोजच्या रोज, वर्षानुवर्षं.”

मॅडम म्हणाल्या, “अगं, मला उभं राहवत नाही आणि तू चाल म्हणतेस?”

“एक फेरी. मैदानालासुद्धा नाही, या व्हरांड्याची एक फेरी.”

“मग दुखणं जाईल?”

आता इथं दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, शंभर टक्के जाईल. ही पोरगी म्हणाली, “खोटं सांगणार नाही. पूर्ण जाईल असं नाही. पहिले काही आठवडे कदाचित जास्तच दुखेल. आधी झोप सुधारेल, मग थकवा उतरेल, दुखणं सगळ्यात शेवटी, आणि तेही कमी होईल. सोडलं की परत येईल.” असलं औषध कोण घेईल सांगा बरं? पण मॅडम गणिताच्या. त्यांना उत्तर कमी आलं तरी चालतं, बरोबर आलं पाहिजे.

तर निरोप झालेल्या कालिंदी मॅडम, मंजुरी येईपर्यंत नोकरीवर असलेल्या कालिंदी मॅडम, ऑफ तासाला चालायला लागल्या. आम्ही ऑफ तासाला काय करतो? चहा, वह्या, आणि जो हजर नाय त्याच्याबद्दल चर्चा. मॅडम आपल्या व्हरांड्यात. एक फेरी. तीसुद्धा अशी की मधल्या खांबाला धरून दम घ्यायच्या. पोरांना वाटायचं, मॅडमचं काही हरवलंय. एक पोरगं तर त्यांच्या पुढं वाकून जमीन शोधत चाललं होतं! सुरुवातीला खरंच जास्त दुखलं. हेमचंद्रराव माझ्याकडं आले, म्हणाले, “सर्जेराव, त्या पोरीला आवरा.” पण उन्हाळा तापायला लागला तसं एक दिवस तेच मला दूध डेअरीत भेटले आणि हळूच कानात म्हणाले, “काल रात्री ही सलग झोपली.” मी त्यांना तिथंच मिठी मारली, डेअरीवाला बघतच राहिला.

व्हरांड्यातून मॅडम मैदानात उतरल्या, आणि इथं घोटाळा झाला. एक पालक शाळेत आले. अंगानं भारी, आवाजानं त्याहून भारी. ऑफिसात टेबलावर हात आपटून म्हणाले, “ह्या बाई आजारी म्हणून तुम्ही शाल दिली ना? म्या सोता टाळ्या वाजिवल्या. मग ह्या मैदानाला घिरट्या कशापायी घालत्यात? आजारी हायत का सहलीला आल्यात?” ते पालक कोण होते हे सांगणं शिष्टाचाराला धरून होणार नाय. अध्यक्षमहाराज, पाणी हवंय का आपल्याला?

व्हय, व्हय, नानासाहेब स्वतःच हात वर करतायत! वाजवा टाळ्या. याला म्हणतात दिलदार माणूस. पण नानासाहेब, त्या दिवशी तुम्ही गेलात आणि आमचे हेडक्लार्क सखारामभाऊ यांचं धाबं दणाणलं. ते स्टाफरूममध्ये आले, दार लावलं, म्हणाले, “मॅडम, काय हे! अर्ज प्रकृतीच्या कारणानं केलाय. बोर्डासमोर जायचंय. आणि तुम्ही दिवसाढवळ्या चालता? कुणी फोटो काढला तर? अर्ज नामंजूर, वर खोटेपणाचा ठपका. मंजुरी येईस्तोवर उघड चालू नका.”

बघा मंडळी, काय वेळ आली! चाललं तर बरं वाटतं, आणि बरं वाटलं तर गुन्हा. मग आम्ही काय केलं? मॅडमना प्रयोगशाळेच्या मागच्या बंद हॉलमध्ये चालवायला लागलो. आळीपाळीनं दाराशी पहारा. दारूबंदीच्या काळात लोकांनी दारू लपवली नसंल एवढं आम्ही मॅडमचं चालणं लपवलं. कुणी आलं की मी खोकायचो आणि मॅडम पटकन खुर्चीत बसून कण्हल्यासारखं करायच्या. आम्हाला लई मजा यायची. मॅडमना येत नव्हती, ते आमच्या ध्यानात आलं नाय.

जूनमध्ये बोर्डाची तारीख आली. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळे मॅडमभोवती गोळा. कुणी म्हणालं, जाताना काठी घ्या. कुणी म्हणालं, जिना चढताना दोनदा थांबा. सखारामभाऊ म्हणाले, “उत्तर देताना मध्येच डोळे मिटा.” आणि माझ्या अंगात तर नाटकवाला संचारला. मी उठून सगळ्यांपुढं लंगडून दाखवलं. “असं मॅडम, असं! डावा पाय ओढत!” सगळे पोट धरून हसले.

मॅडम उठल्या. इतक्या शांत मॅडम, पण त्यांचा आवाज मी तसा आधी कधी ऐकला नव्हता. म्हणाल्या, “खाली बसा सर. माझं दुखत होतं तेव्हा कुणाला खरं वाटलं नाही. मी लोकांना पुरावा देऊन देऊन थकले. आणि आता जरा बरं वाटायला लागलं, तर बरं असल्याची चोरी? मला दुखतं, हेही खरं. मी चालते, हेही खरं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही माझंच आहे. मी लंगडणार नाही.”

सखारामभाऊ म्हणाले, “मग बोर्डाला काय सांगणार?”

“बोर्डासमोर जाणारच नाही. अर्ज परत घेते.”

हेमचंद्ररावांना फोन गेला, ते धावत आले. त्यांची भीती मला आजही दिसते. म्हणाले, “कालिंदी, परत आजारी पडलीस तर? एकदा अर्ज मागं घेतला की दुसऱ्यांदा कोण ऐकून घेईल? लोक म्हणतील, हिचं हे नेहमीचंच.” आणि त्यांचं काय चुकत होतं? तो अर्ज म्हणजे खुंटीला बांधलेला दोर होता. तो सोडायचा आणि हातात काय, तर व्हरांड्याच्या फेऱ्या! मॅडमनी मृण्मयीला फोन लावला. विचारलं, “मी सहा वर्षं काढीन का गं? खरं सांग.” पलीकडनं ती म्हणाली, “माहीत नाही मॅडम. पण मी तुमच्याबरोबर आहे.” मॅडमनी फोन ठेवला आणि सखारामभाऊंपुढं कोरा कागद ओढला.

आता तुम्हाला वाटेल, मग आनंदीआनंद. कुठलं काय! दिवाळी आली. मॅडमना बरं वाटत होतं, आणि आपल्या बायांचा एक खाक्या तुम्हाला ठाऊक आहे. जरा बरं वाटलं की माळा साफ करायला काढायचा. मॅडमनी माळा काढला, डबे घासले, पडदे धुतले, चकल्या केल्या, शिवाय लोकांना दाखवायचं होतं की बघा, मी ठणठणीत आहे. भाऊबीजेला अंथरुणात. अशा आडव्या झाल्या की कूस बदलता येईना. सुट्टीनंतर शाळा उघडली, मॅडम नाहीत. स्टाफरूममध्ये कुजबुज, घ्या, अर्ज मागं घेतला ना? मी भेटायला गेलो. मॅडम भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, “सर, माझं चुकलं का हो?” मी बाहेर येऊन मृण्मयीला फोन लावला.

मृण्मयी आली. म्हणाली, “मॅडम, चालण्यानं नाही, चकल्यांनी घात केलाय. चांगल्या दिवशी अंगात येऊन जास्त करायचं नाही आणि वाईट दिवशी शून्य करायचं नाही. उठा. पलंगापासून दारापर्यंत.” हेमचंद्रराव तिथंच उभे होते. मला वाटलं, आता हे पोरीला घराबाहेर काढणार. त्यांनी पुढं होऊन मॅडमना हात दिला आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाले, “ऊठ. मी आहे ना.” मंडळी, शब्द तेच होते त्यांचे, पण त्या दिवशी दोघं दारापर्यंत गेली आणि परत आली. आणि त्याच आठवड्यात त्यांनी स्कूटर विकून टाकली!

पुढं मॅडमनी चालणं काही सोडलं नाय. एकदम वाढवलं नाय, एकदम थांबवलं नाय. सोळा सालचा दुष्काळ आठवतो ना? लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते साल. आपल्याकडं नळाला आठवडा आठवडा पाणी नाय, मैदानात भेगा पडलेल्या, धूळ नुसती. कॉलनीतल्या बाया म्हणायच्या, “अहो मॅडम, आंघोळीला तांब्याभर पाणी नाय, आणि तुम्ही मुद्दाम घाम काय काढता?” मॅडम म्हणायच्या, “घाम पुसता येतो गं, दुखणं पुसता येत नाही.” आणि चालायच्या. हळूहळू एक एक बाई मागं लागली. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाला नुसताच घरातून निघायला बहाणा. आणि एके सकाळी बघतो तर सगळ्या बायांच्या मागं, दोन हात अंतर ठेवून, पायात बूट घातलेले एक भारदस्त गृहस्थ! कंबरदुखीनं हैराण झालेले. मॅडमनी मागं वळून विचारलं, “नानासाहेब, आजारी आहात का सहलीला आलात?” नानासाहेब म्हणाले, “मॅडम, त्या वक्ताला म्या जे बोललो ते परत घेतो. पण जरा हळू चाला, मला धाप लागती!” त्या दिवसापासून नानासाहेबांनी एक सकाळ चुकवलेली नाय, आणि समितीवर आल्यावर पहिलं काम काय केलं तर मैदानाच्या कडेनं चालायला वाट करून घेतली.

पण मला कधी कळलं की आपण जिंकलो, ते सांगतो. मॅडमचा वर्ग पुन्हा वरच्या मजल्यावर गेला होता, त्यांनी स्वतःच मागून घेतला होता. मी एकदा नकाशा आणायला वर गेलो. दारातून सहज आत बघितलं. मॅडम पाठमोऱ्या, फळ्यावर प्रमेय लिहीत होत्या, आणि पहिली ओळ होती पार वर! चौकटीला चिकटून! हात उंच, पदर खोचलेला, खडू टकटक वाजतोय. किती वर्षांनी त्या फळ्याच्या वरच्या भागाला खडू लागला होता! मी दारातच ओरडलो, “मॅडम, वर! वर लिहिलंत!” पोरांना वाटलं भूगोलाचे सर बिघडले. मॅडमनी वळून बघितलं, मग फळ्याकडं बघितलं, आणि त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. खडू हातात तसाच धरून त्या हसायला लागल्या. अरे काय सांगू तुम्हाला, मी नकाशा न घेताच खाली आलो आणि आख्ख्या स्टाफरूमला माझ्याकडून सामोसे!

आज सकाळी मी मॅडमना विचारलं, “मॅडम, आज खरं सांगा, दुखायचं पूर्ण थांबलं का?” म्हणाल्या, “नाही हो सर. आजही मान दुखतेय. भाषण आटोपतं घ्या.” हे मी पोरांनो तुम्हाला मुद्दाम सांगतोय. कुणी तुमच्या आईला, आजीला म्हणालं की एका महिन्यात दुखणं मुळापासून घालवतो, तर त्याला मॅडमकडं पाठवा.

आता आभाराचं. मृण्मयी, तू त्या दिवशी मला भर मंडपात झापलंस, त्याबद्दल तुझे आभार. हेमचंद्रराव, मॅडमना हात दिलात आणि मग हात सोडलातही, त्याबद्दल आभार. नानासाहेबांचे आभार अशासाठी की, माणसानं टेबलावर हात आपटावा तर असा, की पुढं त्याच हातानं वाट बांधून द्यावी. सखारामभाऊ, तुम्ही घाबरलात ते आमच्या मॅडमच्या काळजीनं, हे आम्ही जाणतो. स्वयंपाकघरातल्या बायांनी इतक्याशा पाण्यात एवढ्या माणसांचं जेवण रांधलं, त्यांना माझा दंडवत. आणि बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असंल, कुणाची थट्टा जास्त झाली असंल, मोठ्या माणसांपुढं जीभ घसरली असंल, तर आजच्या दिवस पोटात घाला. सुट्टी संपली की स्टाफरूममध्ये येऊन भांडा, चहा मी पाजतो.

एक काम शिल्लक आहे. मुख्याध्यापक सरांनी सेवानिवृत्तीचा आदेश वाचून दाखवायचं माझ्याकडं दिलंय. दरवेळी मी तो पटकन उरकतो, कारण त्यात वाचण्यासारखं काही नसतं. पण परवा हा आदेश ऑफिसात आला आणि कालिंदी मॅडम तो हातात घेऊन स्टाफरूमभर फिरल्या. दहावीचा निकाल हाती आलेल्या पोरीसारख्या. प्रत्येकाच्या टेबलापाशी थांबून एकाच ओळीवर बोट ठेवत होत्या. जी ओळ वाचून आजवर प्रत्येक शिक्षकाचा चेहरा पडलेला मी बघितलाय, ती ओळ दाखवताना या बाईला हसू आवरत नव्हतं आणि डोळेही आवरत नव्हते. तेव्हा मंडळी, आज मी ती सावकाश वाचतो. मॅडम, उभ्या राहा. बसून ऐकू नका.

“श्रीमती कालिंदी हेमचंद्र वैजापूरकर, सहशिक्षिका, या आज रोजी शाळा सुटल्यानंतर सेवेतून निवृत्त होत आहेत. निवृत्तीचे कारण: नियत वयोमान.”

ऐकलंत? कारण फक्त वय! आजार नाय, अशक्तपणा नाय, कुणाची दया नाय. वय झालं म्हणून चालल्या. मॅडम, अभिनंदन! लई लई अभिनंदन! उठा रे पोरांनो, सगळे उठा, आणि वाजवा टाळ्या!